विम्बल्डनसाठी लंडनचा मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की "तिकीट कसं मिळतं?" हा प्रश्न येऊ लागतो आणि मे उजाडला की "रांगेत खरंच तंबू ठोकून झोपायचं का?" हा. मधल्या काळात हॉटेल, व्हिसा, पाऊस, मुलं, आईबाबा असं सगळं विचारून होतं. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचले तर बरं, पण नाही वाचले तरी प्रत्येक उत्तर आपापल्या जागी पुरं आहे.

१. स्पर्धा नेमकी कधी असते आणि कुठल्या दिवशी काय?

जून संपता संपता किंवा जुलै लागताच येणाऱ्या सोमवारी सुरुवात होते आणि पुढे चौदा दिवस खेळ चालतो. २०२६ मध्ये २९ जून ते १२ जुलै. पूर्वी मधल्या रविवारी सुट्टी असायची. २०२२ पासून त्या दिवशीही सामने ठेवतात, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतला "रविवारी लंडन बघा" हा सल्ला आता बाद झाला.

एकेरीचा ढाचा ठरलेला आहे. सोमवार-मंगळवार पहिली फेरी, बुधवार-गुरुवार दुसरी, शुक्रवार-शनिवार तिसरी, रविवार-सोमवार चौथी. मग मंगळवार-बुधवार उपांत्यपूर्व, गुरुवारी महिलांची उपांत्य, शुक्रवारी पुरुषांची. शनिवारी महिलांची आणि रविवारी पुरुषांची अंतिम लढत. कोण कुठल्या कोर्टवर खेळणार हे मात्र आदल्या दिवशी संध्याकाळीच कळतं. "अमुक खेळाडू कुठल्या दिवशी बघायला मिळेल?" याचं उत्तर म्हणूनच महिनाभर आधी कोणीच देऊ शकत नाही.

२. पहिल्या आठवड्यात जावं की दुसऱ्या?

पहिल्यांदाच जात असाल तर पहिल्या आठवड्यात, आणि त्यातही पहिले चार दिवस. सोमवार-मंगळवार मिळून एकेरीचे १२८ सामने होतात, अठराही कोर्टं गजबजलेली असतात, आणि जगातल्या पहिल्या तीसातला खेळाडू तुमच्यापासून हाताच्या अंतरावर सर्व्हिस करताना दिसतो. टीव्हीवर ज्या सर्व्हिसचा वेग नुसता आकडा म्हणून दिसतो, ती जवळून ऐकली की सामना वेगळाच वाटतो.

दुसऱ्या आठवड्यात मोठी नावं सेंटर कोर्टवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या कोर्टवर, एकवटतात आणि बाहेरच्या कोर्टांवर दुहेरी, ज्युनियर, व्हीलचेअर टेनिस, माजी खेळाडूंचे सामने असतात. गर्दी कमी, मैदानात फिरण्याचा पास स्वस्त. दुहेरीची आवड असेल तर हा आठवडा मुळीच वाईट नाही. पेस-भूपती १९९९ मध्ये आणि सानिया-हिंगिस २०१५ मध्ये इथेच दुहेरी जिंकले, तरी दुहेरीसाठी म्हणून जाणारे आपल्याकडचे लोक कमीच.

३. एकूण किती दिवसांचा मुक्काम धरावा?

सहा-सात रात्री, त्यात टेनिससाठी दोन दिवस पक्के आणि एक राखीव. बरेच जण उलट करतात: एका तिकिटाभोवती तीन दिवसांची सहल बांधतात आणि पाऊस आला की सगळंच वाहून जातं. राखीव दिवस मोकळा मिळाला तर लंडन बघायला आहेच. सलग तीन दिवस मैदानावर जाऊ नका, तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात. एक आड एक दिवस ठेवा.

४. तिकीट मिळवायचे मार्ग किती?

मुख्य चार. सार्वजनिक सोडत (प्रश्न ५), त्याच दिवशीची रांग (प्रश्न ६ ते ८), डिबेंचर तिकिटं (प्रश्न ११) आणि अधिकृत आदरातिथ्य पॅकेजं. पहिले दोन खिशाला परवडणारे, पण एकात नशीब लागतं आणि दुसऱ्यात चिकाटी. उरलेल्या दोघांत फक्त पैसे लागतात.

५. सोडतीत अर्ज कसा करायचा? दिवस आपण निवडू शकतो का?

आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज करायचा. अर्जाला पैसे पडत नाहीत. नाव लागलं तर एक विशिष्ट दिवस आणि विशिष्ट कोर्ट देऊ केलं जातं. घ्यायचं तर पैसे भरा, नाही तर सोडून द्या. दिवस किंवा कोर्ट बदलून मिळत नाही. एका घरातून एकच अर्ज, आणि जास्तीत जास्त दोन तिकिटं. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने सोडतीच्या भरवशावर बेत आखू नये. नाव लागलं तरी दोघं आत आणि दोघं बाहेर, ही पंचाईत उरतेच.

तिकिटाचे दर दिवसाप्रमाणे आणि कोर्टाप्रमाणे चढत जातात. २०२५ मध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्याचं सेंटर कोर्टचं तिकीट ३१५ पाउंडांना होतं. तिकीट तुमच्या नावावर असतं, दुसऱ्याला विकता येत नाही.

६. ती प्रसिद्ध रांग म्हणजे नक्की काय? त्यात खरंच चांगली तिकिटं मिळतात?

मिळतात, आणि छापील किमतीत मिळतात. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर कोर्ट यांची रोज प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं रांगेसाठी राखून ठेवतात. अपवाद शेवटच्या चार दिवसांचा, त्या दिवसांत सेंटर कोर्टचं तिकीट रांगेत विकत नाहीत. याशिवाय मैदानात फिरण्याचे हजारो ग्राउंड पास असतात. २०२५ मध्ये सुरुवातीच्या दिवसांत या पासला ३० पाउंड पडत होते.

रांग मैदानाशेजारच्या विम्बल्डन पार्कात लागते. गवतावर रांगेचं शेपूट शोधायचं, तिथला स्वयंसेवक तुम्हाला तारीख आणि क्रमांक छापलेलं कार्ड देतो. हे कार्ड म्हणजेच तुमची जागा. हरवलं तर जागा गेली. सकाळी साडेसातच्या सुमारास पुढच्या लोकांना कोर्टाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे मनगटी पट्टे वाटतात. आपल्यापर्यंत सेंटरचे पट्टे येणार की दोन नंबरचे, हे ओळखण्यासाठी मग सगळे आपापल्या कार्डावरचा आकडा एकमेकांना दाखवत बसतात. दहाला दारं उघडतात. पैसे कार्डनेच भरायचे, रोख चालत नाही. अधिकृत ॲप आणि खातं आदल्या रात्रीच फोनवर तयार ठेवा. पार्कात हजारो लोक एकाच वेळी नेटवर्क ओढत असतात.

एका माणसाला एकच कार्ड, एकच तिकीट. "मी पुढे जाऊन सगळ्यांसाठी जागा धरतो" हा आपला लाडका उद्योग इथे चालत नाही. स्वच्छतागृहासाठी किंवा खाणं आणायला अर्धा तास जाता येतं, त्याहून जास्त वेळ गायब झालात तर जागा जाऊ शकते. आणि मधे घुसायचा विचारही मनात आणू नका. हाकलण्याआधी इंग्रज ज्या नजरेने बघतो, ती नजरच पुरते.

७. किती वाजता पोचलं तर काय हाती लागतं?

सेंटर कोर्ट हवं असेल तर आदल्या दिवशी दुपारी-संध्याकाळीच तळ ठोका. दोन नंबर कोर्टवर समाधान असेल तर रात्री उशिरा पोचूनही कधी कधी जमतं. पहिल्या आठवड्यात नुसता ग्राउंड पास हवा असेल तर सकाळी सहाच्या आसपास पार्कात असावं. भुयारी रेल्वे तेव्हाच सुरू होत असते, त्यामुळे राहण्याची जागा कुठे आहे यावर हे गणित अवलंबून असतं (प्रश्न १२).

आणखी एक वाट आहे, ती फारसं कोणी वापरत नाही. संध्याकाळी पाचनंतर ग्राउंड पास कमी दरात मिळतो. तोवर आतले बरेच जण थकून निघालेले असतात आणि जितके बाहेर पडतील तितक्यांना आत घेतात. जुलैच्या सुरुवातीला लंडनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. म्हणजे पाऊस नसेल तर साडेतीन-चार तासांचं टेनिस सहज पदरात पडतं. दिवसभर शहर, संध्याकाळी टेनिस. मुलं बरोबर असतील तर हाच बेत सगळ्यात शहाणपणाचा.

८. रात्री पार्कात झोपायचं तर काय नियम? आणि हॉटेलचं काय करायचं?

दोन माणसांचा छोटा तंबू चालतो, त्याहून मोठा नाही. शेगडी, शेकोटी, बार्बेक्यू बंद. रात्री दहानंतर गाणीबजावणी बंद. खाणं मागवता येतं, पण दहाच्या आत आणि पार्कच्या फाटकापर्यंतच. स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी तिथे आहे. पहाटे पाच-सहाच्या दरम्यान स्वयंसेवक तंबूच्या कापडावर टकटक करून उठवतात. मग तंबू गुंडाळून सामानघरात जमा करायचा, कारण तो आत नेता येत नाही.

जुलै असला तरी रात्री पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो आणि गवताला दव सुटतं. तंबूपेक्षा खाली अंथरायचं जलरोधक कापड आणि गरम पांघरूण महत्त्वाचं. लंडनमध्ये साधा तंबू विकत घेणं विमानातून वाहून नेण्यापेक्षा सोपं पडतं.

हॉटेलची त्या रात्रीची खोली सोडू नका. "एक रात्र वाचते" म्हणून आदल्या दिवशी खोली सोडली तर बॅगा घेऊन रांगेत बसावं लागेल, आणि मोठ्या बॅगा आत चालत नाहीत (प्रश्न १७). शिवाय मध्यरात्री पाऊस कोसळला तर परत जायला कोरडी जागा हवी.

९. ग्राउंड पासवर नुसतं फिरायचंच असतं का?

छे! तीन ते अठरा नंबर कोर्टांवरच्या बिनराखीव जागा या पासवर खुल्या असतात. उठलात की जागा गेली, हे मात्र खरं. बारा आणि अठरा नंबर कोर्ट त्यांतली मोठी. अठरावर २०१० मध्ये इस्नर-माहू सामना तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं चालला आणि शेवटचा सेट ७०-६८ असा संपला. त्याची पाटी तिथे लावली आहे. त्या दिवसांत तिथे बसलेल्यांत साध्या पासवर आत आलेले लोक होते.

थकलात की ज्या उतारावर मोठा पडदा लावतात तिथे जाऊन पसरायचं. कागदोपत्री नाव आओरांगी टेरेस, पण सगळे हेनमन हिल म्हणतात.

१०. ग्राउंड पास घेऊन आत गेल्यावर सेंटर कोर्टवर जायची काही सोय आहे का?

आहे. लवकर घरी निघालेले प्रेक्षक आपली तिकिटं परत करतात आणि ती दुपारी तीननंतर आतल्या आत पुन्हा विकली जातात. किंमत दहा-पंधरा पाउंडांच्या घरातली, आणि हे पैसे धर्मादाय कामाला जातात. त्यासाठी ॲपवर आभासी रांग असते, मैदानात शिरल्यावर नंबर लावायचा आणि सामने बघत राहायचं. सहा-सातच्या सुमारास नंबर लागला तर सेंटर कोर्टवरचा दिवसातला शेवटचा सामना बघायला मिळतो, आणि तो बहुधा मोठ्या नावाचाच असतो.

इथे रात्रीचं वेगळं सत्र नसतं. न्यूयॉर्क-मेलबर्नसारखी दिवसाची आणि रात्रीची तिकिटं अलग नाहीत. एकदा आत गेलात की दिवस तुमचा.

११. ओळखीतल्या एकाकडे जास्तीचं तिकीट आहे, विकत घेऊ का? डिबेंचर म्हणजे काय?

सोडतीतलं किंवा रांगेतलं तिकीट असेल तर घेऊ नका. ते हस्तांतरित होत नाही आणि दारात अडवलं तर पैसेही गेले, दिवसही गेला. कायदेशीर रीतीने पुन्हा विकता येतं ते फक्त डिबेंचरधारकांचं तिकीट. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबला काही वर्षांसाठी मोठी रक्कम देऊन सेंटर किंवा एक नंबर कोर्टवर रोजची खुर्ची मिळवणारे हे लोक. नको त्या दिवसाचं तिकीट ते बाजारात विकू शकतात. सोय उत्तम, किंमत भरमसाट. आयुष्यात एकदाच, आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वगैरे घेत असाल तर ठीक. एरवी त्या पैशांत अख्खा मुक्काम होतो.

१२. राहायचं कुठे? विम्बल्डनमध्येच का?

नाही. विम्बल्डन व्हिलेज सुंदर आहे, पण त्या पंधरवड्यात खेळाडू, प्रशिक्षक, पत्रकार सगळे तिथेच असतात आणि दर त्याच मापाने वाढतात. नकाशावरचं अंतर न बघता रेल्वेची ओळ बघा.

मैदानाला सगळ्यात सोयीचं स्टेशन साउथफील्ड्स, डिस्ट्रिक्ट लाइनच्या विम्बल्डन शाखेवर. तिथून मैदान चालत पंधरा मिनिटं. म्हणून अर्ल्स कोर्ट, फुलहॅम ब्रॉडवे, पार्सन्स ग्रीन, पटनी ब्रिज, ईस्ट पटनी यांपैकी कुठल्याही स्टेशनजवळची जागा उत्तम. गाडी न बदलता पोचता. माझं मत विचाराल तर अर्ल्स कोर्ट. तिथून साउथफील्ड्स सहावं स्टेशन, हीथ्रोहून येणारी पिकाडिली लाइन तिथेच थांबते, आणि संग्रहालयांचं साउथ केन्सिंग्टन पुढे दोनच स्टेशनं. दुसरा पर्याय वॉटर्लू, व्हॉक्सहॉल किंवा क्लॅपहम जंक्शन. तिथून मोठ्या रेल्वेने विम्बल्डन स्टेशन गाठायचं; वॉटर्लूहून वीसेक मिनिटं लागतात.

पूर्व किंवा उत्तर लंडनमध्ये स्वस्त खोली दिसली तरी पहाटेच्या रांगेचा विचार करा. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

१३. हॉटेल कधी ठरवावं? घर भाड्याने घेतलं तर?

तारखा नक्की झाल्या की लगेच, पण रद्द करता येईल असंच. सोडतीचा निकाल आणि व्हिसा दोन्ही हाती येईपर्यंत पैसे अडकवू नका. थोडे जास्त पैसे पडले तरी विनाशुल्क रद्द होणारी खोली इथे खरंच कामाची.

मैदानाच्या आजूबाजूचे रहिवासी त्या पंधरवड्यात घरं भाड्याने देऊन स्वतः सुट्टीवर जातात. पाच-सहा जण असाल तर हिशोब जमतो आणि स्वयंपाकघर मिळतं. लंडनमध्ये संपूर्ण घर अल्पमुदतीने देण्यावर वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे, ती प्रसिद्ध संकेतस्थळं आपोआप पाळतात. अनोळखी माणसाच्या बँक खात्यात परस्पर आगाऊ रक्कम भरू नका. एवढं सांगितलं तरी दर वर्षी कोणी ना कोणी भरतंच.

१४. रोजच्या प्रवासाला कुठलं कार्ड घ्यावं?

तुमचं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन पुरतो. नसेल तर लंडनचं ऑयस्टर प्रवासकार्ड. चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवायचं, दिवसभराचं भाडं एका मर्यादेपुढे कापलं जात नाही. भाड्याच्या हिशोबात साउथफील्ड्स आणि विम्बल्डन दोन्ही झोन ३ मध्ये. नवरा-बायकोने एकच कार्ड दोनदा टेकवून चालत नाही, माणशी वेगळं हवं. परदेशात कार्ड चालावं म्हणून बँकेच्या ॲपमध्ये ती सोय निघण्याआधी सुरू करा.

विम्बल्डन स्टेशनला उतरलात तर मैदान वीस-पंचवीस मिनिटं चालत, तेही चढाचं. चालायचं नसेल तर तिथून ४९३ नंबरची बस आहे.

१५. रांगेतून तिकीट काढणार आहे, तर व्हिसाच्या अर्जात काय दाखवू?

भारतीय पासपोर्टवर साधा पर्यटक व्हिसा लागतो, त्याला सामन्याचं तिकीट दाखवण्याची अट नाही. पर्यटन हाच उद्देश लिहा. परतीची ओढ दाखवणारी कागदपत्रं (नोकरी, व्यवसाय, कुटुंब) आणि खर्च झेपेल असं बँकेचं विवरण, यांवर भर द्या. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. आपल्याकडची उन्हाळ्याची सुट्टी आणि हे वेळापत्रक एकमेकांवर आदळतं, केंद्रावरच्या वेळा भराभर भरतात. एप्रिलच्या सुरुवातीलाच अर्ज करा. निर्णयाआधी परत न मिळणारं विमानतिकीट काढू नका.

१६. पाऊस आला तर पैसे परत मिळतात?

सेंटर कोर्टला २००९ पासून आणि एक नंबर कोर्टला २०१९ पासून सरकतं छप्पर आहे, तिथे खेळ होतोच. बाकी कोर्टांवर हिरवी ताडपत्री ओढली जाते आणि सगळे आकाशाकडे बघत बसतात. पावसामुळे तुमच्या कोर्टवर खेळ एका तासाहूनही कमी झाला तर पूर्ण आणि दोन तासांहून कमी झाला तर अर्धी रक्कम परत, असा रिवाज आहे. दुसऱ्या दिवशीचं तिकीट बदलून मिळत नाही. आवडत्या खेळाडूने माघार घेतली, त्याचा सामना उद्यावर ढकलला, याचेही पैसे मिळत नाहीत. राखीव दिवस (प्रश्न ३) त्यासाठीच.

छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, मागच्याला आडवी येत नाही. आणि "लंडन म्हणजे थंडी" असं धरून जाऊ नका. १ जुलै २०१५ ला स्पर्धेदरम्यान तापमान ३५.७ अंशांवर गेलं होतं, आणि बाहेरच्या कोर्टांवर सावली नावाला नसते. सनस्क्रीन आणि टोपी, दोन्ही बॅगेत हवीत.

१७. बॅग केवढी चालते? घरचं खाणं आत नेता येतं का?

माणशी एक बॅग, ४० × ३० × ३० सेंटिमीटरपर्यंत. यापेक्षा मोठी असेल तर सामानघर, आणि तिथेही रांग. खाणं नेता येतं, ही या स्पर्धेची फार मोठी माणुसकी! डबा खुशाल न्या, फक्त कडक कवचाची शीतपेटी नको. पाण्याची बाटली न्या, आत भरून घ्यायची सोय आहे. मोठ्या कॅमेऱ्याला ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स चालते.

भारतातून खाऊ नेताना एक लक्षात ठेवा: मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे-बर्फी घरीच. चिवडा, चकली, भाकरवडीला अडचण नाही.

आत स्ट्रॉबेरी-क्रीम घेणारच असाल तर घ्या. किती तरी वर्षं अडीच पाउंडांवर टिकलेला हा दर २०२५ मध्ये २.७० झाला, तेव्हा त्याचीही बातमी झाली होती. लंडनमध्ये दुसरं काही इतकं स्वस्त नाही.

१८. प्रेक्षकांनीही पांढरेच कपडे घालायचे का?

नाही, तो नियम खेळाडूंना. रॉयल बॉक्समध्ये निमंत्रण असेल तर सूट-टाय लागेल; नसेल तर चालायला आरामाचे बूट आणि एक हलकं जाकीट पुरे.

१९. चार वर्षांची मुलगी बरोबर आहे. चालेल का?

मैदानात चालेल, पण पाच वर्षांखालच्या मुलांना मुख्य कोर्टांवर सोडत नाहीत. सेंटर कोर्टचं तिकीट असेल तर आईबाबांपैकी एकाला बाहेर थांबावं लागेल. मुलं असतील तर पहाटेच्या रांगेपेक्षा पाचनंतरचा पास घ्या (प्रश्न ७) आणि थेट हेनमन हिलवर (प्रश्न ९) जा. तिथे मुलं लोळतात, कोणी "शूऽऽ" करत नाही.

२०. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. रांग झेपेल?

रांगेत बराच वेळ बसूनच जातो, घडीची छोटी खुर्ची तिथपर्यंत नेता येते. मात्र खुर्ची आत चालत नाही, जमा करावी लागते. तिथल्या स्वयंसेवकाला आधीच सांगा, ते मदत करतात. साउथफील्ड्स, विम्बल्डन आणि अर्ल्स कोर्ट या तिन्ही स्टेशनांत लिफ्ट आहे. व्हीलचेअर लागत असेल तर त्यासाठीच्या तिकिटांची चौकशी सोडतीच्या वेळीच करा, ऐनवेळी नाही.

२१. बायकोला टेनिसमध्ये काडीचा रस नाही. तिने काय करायचं?

हा प्रश्न नवऱ्यांबद्दलही येतो, तरी उत्तर एकच. एका दिवसापुरतं एकत्र जा, संध्याकाळच्या पासवर. बाकी दिवशी डिस्ट्रिक्ट लाइनच्याच रिचमंड शाखेवर क्यू गार्डन्स आहे, हरणांचं रिचमंड पार्क आहे. मैदानापासून जवळच कॅलोन रोडवर थाई पद्धतीचं बुद्धपदीप विहार आहे, बागेसकट. तिथली शांतता स्पर्धेच्या दिवसांत विशेष जाणवते. विम्बल्डनमध्येच एफ्रा रोडवर गणपतीचं मंदिरही आहे. आणि शहराच्या उत्तरेला १० किंग हेन्रीज रोड, जिथे १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म. मराठी माणसाने टेनिस असो वा नसो, तिथे जावं.

क्लबमधलं टेनिस संग्रहालय मात्र स्पर्धेच्या काळात फक्त तिकीटधारकांना खुलं असतं. "सामना नाही तर निदान संग्रहालय" हा बेत त्या पंधरवड्यात जमत नाही.

२२. सामना लांबला तर रात्री परत कसं यायचं?

रात्री अकराला खेळ थांबवतातच, सामना अर्धवट असला तरी. तोवर डिस्ट्रिक्ट लाइन चालू असते. पण अकराला पाच कमी असताना उठलात तर साउथफील्ड्सला उभं राहायला जागा मिळते, अकरानंतर उठलात तर स्टेशनबाहेरच थोपवून धरतात. शुक्रवार-शनिवारी रात्रभर चालणाऱ्या भुयारी गाड्यांत डिस्ट्रिक्ट लाइन नाही, हे विसरू नका. तंबू सामानघरात असेल तर ते बंद होण्याची वेळ सकाळीच विचारून ठेवा.

२३. हीथ्रोवर बारा तासांचा थांबा आहे. तेवढ्यात विम्बल्डन होईल?

व्हिसा असेल आणि मोठ्या बॅगा पुढच्या विमानात परस्पर जाणार असतील, तर होईल. पिकाडिली लाइनने अर्ल्स कोर्ट, तिथे बदलून साउथफील्ड्स. दारापासून दारापर्यंत दीड तास धरा. पण पहिल्या आठवड्यात दुपारी रांगेत तीन-चार तास जाऊ शकतात, ते वजा करा. सकाळी सातच्या आत उतरत असाल तरच प्रयत्न करा. दुसऱ्या आठवड्यात गणित सोपं होतं.

२४. काहीच जमलं नाही, तर गवतावरचं टेनिस बघायचा दुसरा मार्ग?

दोन आहेत. विम्बल्डनच्या आदल्या आठवड्यात रोहॅम्प्टनला पात्रता फेरी होते. मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठी तीन सामने जिंकावे लागतात, त्यामुळे प्रत्येक गुणासाठी जीव टाकून खेळतात. तिकीट स्वस्त, आणि भारतीय एकेरीपटू दिसण्याची शक्यता इथेच जास्त. दुसरा मार्ग म्हणजे जूनमधली क्वीन्स क्लबची स्पर्धा, बॅरन्स कोर्ट स्टेशनच्या जवळ. २०२५ पासून तिथे पुरुषांच्या आधी महिलांचाही आठवडा असतो. तिथलं तिकीट आधीच आणि दिवस निवडून काढता येतं, रांगेत झोपावं लागत नाही. मुक्काम जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सरकवता येत असेल तर क्वीन्सचे शेवटचे दोन दिवस आणि लगेच येणाऱ्या सोमवारपासून रोहॅम्प्टन, अशी सांगड बसते. अर्ल्स कोर्टची खोली त्यालाही चालते: बॅरन्स कोर्ट तिथून पुढे दुसरं स्टेशन.